भर जुलैत झुआरी पुलावर ४ डिग्री: बाहेरचं तापमान चुकीचं दाखवणाऱ्या एका गाडीचं पूर्ण प्रकरण

गाडी माझ्या आतेभावाची. ऑटोमॅटिक क्लायमेट कंट्रोलवाली पेट्रोल सेडान, वय झालंय पण इंजिन ठणठणीत. तो राहतो गोव्यात पर्वरीला आणि कामाला वेर्ण्याच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये, म्हणजे रोज मांडवी पूल, मेरशी, आगशी, झुआरी पूल, कुठ्ठाळी असा रस्ता. जुलैत एका सकाळी धो धो पाऊस चालू होता आणि झुआरी पुलावर मीटरमध्ये बाहेरचं तापमान ४ डिग्री दिसलं, टिंग करून आवाज आला आणि बर्फाचं चिन्ह पेटलं. बऱ्याच गाड्यांत बाहेर ३-४ डिग्री झालं की हे चिन्ह येतं, रस्त्यावर बर्फ असू शकतो म्हणून जपून चालवा असं सांगायला. पणजीत जानेवारीतल्या रात्रीसुद्धा तापमान २० च्या आसपासच राहतं, त्यामुळे इथल्या गाडीत ते चिन्ह दिसलं म्हणजे कुठेतरी वायरिंगमध्ये किंवा सेन्सरमध्ये गडबड आहे हे नक्की.

पण खरी काळजीची गोष्ट ती नव्हती. त्याच मिनिटाला एसीचा कॉम्प्रेसर बंद पडला आणि समोरची काच आतून धुरकटायला लागली. पावसात चारचाकी चालवणाऱ्या प्रत्येकाला माहितीय की काच साफ ठेवायचं काम एसी करतो, तो हवेतली ओल काढून घेतो, आणि कॉम्प्रेसर नाही तर नुसता ब्लोअर कितीही जोरात फिरवा, ओल आतच राहते. बाजूने ट्रक पाणी उडवत चाललेत, पुढचं दिसत नाहीये, आणि गाडी सांगतेय की बाहेर थंडी आहे म्हणून मी एसी लावत नाही. म्हणून मी हे सगळं सविस्तर लिहितोय, कारण "काय तो आकडा, चुकला तर चुकला, मोबाईलवर बघ तापमान" असं म्हणणारे खूप भेटतात आणि त्यांना हे ठाऊक नसतं की गाडी त्या आकड्यावर निर्णय घेते.

आधी थोडं मागचं सांगतो. उन्हाळ्यापासूनच तक्रार चालू होती की ऑटोवर ठेवलं की एसी नीट गार करत नाही, ब्लोअर आपोआप हळू होतो, कधी कधी कोमट हवा येते. मॅन्युअलवर टाकून तापमान एकदम खाली आणलं तर बरं वाटायचं. गॅरेजमध्ये नेली, त्यांनी नेहमीप्रमाणे "गॅस कमी झालाय" म्हणून गॅस भरला. फरक पडला नाही. मग दुसऱ्या एका ठिकाणी दाखवली, तिथल्या इलेक्ट्रिशियनने मीटरवरचा आकडा चुकीचा आहे हे बरोबर ओळखलं, सेन्सरचा कपलर (वायरी जोडणारा प्लग) काढला, मल्टीमीटर लावला, ५ व्होल्ट आले, म्हणून वायरिंग ठीक आहे, सेन्सरच गेलाय असं सांगून नवीन सेन्सर टाकला. तरीही आकडा खालीच. शेवटी "मीटरचा बोर्ड गेलाय, पूर्ण क्लस्टर बदलावा लागेल" इथपर्यंत गोष्ट आली आणि त्या खर्चाचा आकडा ऐकून आतेभावाचा मला फोन आला, "बाबा रे, एकदा तू बघ, मगच काय ते ठरवतो."

आता हा सेन्सर काय असतो ते सांगतो, कारण ते कळलं की पुढचं सगळं सोपं आहे. बहुतेक गाड्यांत पुढच्या बंपरच्या मागे, जाळीच्या आसपास, रेडिएटर आणि कंडेन्सरच्या पुढे एक छोटासा काळा प्लास्टिकचा तुकडा क्लिपने बसवलेला असतो. फोर्ड, फियाट यांच्या काही गाड्यांत तो साईड मिररच्या खाली असतो. त्याच्या आत थर्मिस्टर असतो, म्हणजे तापमानाप्रमाणे रेझिस्टन्स (करंटला होणारा अडथळा, तो ओहममध्ये मोजतात) बदलणारा पार्ट, आणि हा उलट्या जातीचा असतो, गरम झाला की रेझिस्टन्स कमी, थंड झाला की जास्त. दोन वायरी. गाडीचं मॉड्यूल, म्हणजे इलेक्ट्रॉनिक कंट्रोलचा डबा, आतल्या एका ठरावीक रेझिस्टरमधून ५ व्होल्ट पाठवतं, सेन्सर त्यातले किती व्होल्ट खाली ओढतो ते बघतं आणि त्यावरून तापमान काढतं. बस एवढंच. मॉड्यूलला तापमान कळत नाही, त्याला फक्त त्या दोन वायरींच्या टोकाला किती रेझिस्टन्स आहे ते कळतं. वाटेत कुठे गंज लागून रेझिस्टन्स वाढला तर तो त्याला थंडीच समजतो. वायर पूर्ण तुटली तर काही गाड्या नुसत्या रेषा दाखवतात, काही उणे ४० दाखवतात. उलट दोन्ही पिनांमध्ये खारट ओल बसून करंट आपापसात गळायला लागला तर रेझिस्टन्स कमी होतो आणि आकडा वर जातो.

म्हणजे आकडा चुकतोय एवढं पुरेसं नाही, कुठल्या बाजूला चुकतोय आणि कधी चुकतोय हे विचारायला पाहिजे. याच प्रश्नापासून सुरुवात केली असती तर त्या नवीन सेन्सरचे पैसे वाचले असते. सतत खाली चुकत असेल तर वाटेत जास्तीचा रेझिस्टन्स, म्हणजे जोड, कपलर, पिना. फक्त ट्रॅफिकमध्ये किंवा गाडी उभी असताना वर चुकत असेल आणि वेगात गेल्यावर बरोबर होत असेल तर वायरीचा दोष नाही, सेन्सरला इंजिनची गरमी लागतेय. पाऊस पडल्यावर उड्या मारत असेल तर कुठेतरी पाणी शिरतंय. आणि दुपारी उन्हात हवामान खात्याच्या आकड्यापेक्षा दोन-चार डिग्री जास्त दाखवत असेल तर बहुतेक वेळा दोष काहीच नाही. पणजीच्या वेधशाळेतला थर्मामीटर झडपांच्या पांढऱ्या पेटीत, सावलीत, जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर असतो, आणि गाडीचा सेन्सर तापलेल्या डांबरापासून गुडघ्याएवढ्या उंचीवर. दोघांनी एकच आकडा दाखवावा ही अपेक्षाच चुकीची आहे.

आतेभावाला मी हेच विचारलं, की दादा नक्की कधी किती दाखवतो. त्याने सांगितलं ते फार उपयोगी होतं. वेगात असताना १७-१८, पर्वरीला उड्डाणपुलाच्या कामामुळे जो ट्रॅफिक लागतो त्यात बराच वेळ अडकल्यावर हळूहळू २६-२७, आणि मोठा पाऊस, खड्डे असं काही आलं की एकदम खाली उडी. आता यातला २६ हा आकडा पावसाळ्यात बरोबरच वाटतो की नाही? त्यामुळे घरातले म्हणत होते की कधी कधी नीट चालतं, म्हणजे सेन्सर अधूनमधून बिघडतोय. मला मात्र तो २६ च जास्त खटकला. बरोबर चालणारा सेन्सर ट्रॅफिकमधून बाहेर पडून झुआरी पुलावर वारं लागल्यावर एक-दोन डिग्री उतरतो, आठ-नऊ नाही उतरत.

पहिली चाचणी फुकटची आहे आणि तिला नुसता ब्लूटूथवाला साधा ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या सॉकेटला लावून तिच्या सेन्सरचे आकडे मोबाईलवर दाखवणारा प्लग, लागतो. गाडी रात्रभर पोर्चमध्ये, सावलीत, बंद ठेवायची. सकाळी इंजिन चालू न करता फक्त इग्निशन ऑन करायचं आणि स्कॅनरवर तीन आकडे बघायचे, कूलंटचं तापमान, इंजिनमध्ये शिरणाऱ्या हवेचं तापमान आणि बाहेरचं तापमान. रात्रभर गाडी उभी असेल तर सगळं लोखंड, कूलंट, हवा एकाच तापमानाला येतं, त्यामुळे तिघांत फार तर दोन-तीन डिग्रीचा फरक दिसायला हवा. आमच्याकडे कूलंट २८, आत जाणारी हवा २८, बाहेरचं तापमान १६.५. मीटरवरही १६.५ च. म्हणजे तीनपैकी दोन साक्षीदार एक बोलतायत आणि तिसरा वेगळं, आणि दुसरी गोष्ट अशी की स्कॅनर आणि मीटर एकच आकडा दाखवतायत, तर मीटर बिचारा त्याला मिळालेला आकडा जसाच्या तसा दाखवतोय. क्लस्टर बदलायची गोष्ट तिथेच संपली. स्कॅनरवर बघायचं अजून एक कारण आहे. मीटरवरचा आकडा गाडी मुद्दाम सावकाश वर नेते, खाली मात्र पटकन आणते, कारण उभ्या गाडीत इंजिनची गरमी सेन्सरला लागते हे कंपनीला माहीत असतं. गरम इंजिन थोड्या वेळाने परत चालू केलं तर बऱ्याच गाड्या जुनाच आकडा धरून ठेवतात. हे माहीत नसलं की माणूस सेन्सर बदलतो, मीटर बघतो, आकडा हलत नाही, आणि नवीन सेन्सरही खराब आहे म्हणून परत करायला जातो.

मग बंपर. इग्निशन बंद, बॅटरीचा निगेटिव्ह काढून थोडं थांबायचं, कारण पुढच्या भागात एअरबॅगचे सेन्सर असतात आणि त्यांच्या कपलरशी खेळायचं नाही. बंपर खाली उतरवल्यावर पहिली गोष्ट दिसली ती अशी की सेन्सर त्याच्या जागेवर नव्हताच. त्याची मूळ जागा जाळीच्या मागे मध्यभागी, तिथली प्लास्टिकची क्लिप तुटलेली, आणि सेन्सर केबल टायने कंडेन्सरच्या ब्रॅकेटला बांधलेला, कंडेन्सरला जवळजवळ टेकलेला. कंडेन्सर म्हणजे एसी चालू असताना गाडीतली सगळी गरमी बाहेर टाकणारी जाळी. तिला चिकटलेला सेन्सर बाहेरची हवा कशी मोजणार? शिवाय रेडिएटरच्या दोन्ही बाजूंना हवा अडवणाऱ्या ज्या प्लास्टिकच्या पट्ट्या असतात त्यातली एक गायब होती, त्यामुळे गाडी उभी असताना पंख्याने मागे टाकलेली गरम हवा बाजूने फिरून परत पुढे येत होती.

विचारल्यावर कळलं की मागच्या वर्षी फोंड्याला पार्किंगमध्ये एका टेम्पोने रिव्हर्स घेताना बंपर फोडला होता, इन्शुरन्समधून डेंटिंग-पेंटिंग झालं होतं. रंग इतका सुंदर मारलाय की बाहेरून पत्ताच लागत नाही. आतली क्लिप मात्र कुणी मागवली नाही. मला या गोष्टीचा मनापासून राग येतो. बंपर चमकतोय म्हणजे काम झालं असं धरून चालतात आणि मागे काय बांधलंय काय लोंबतंय ते बघायला कुणी नसतं, कारण गिऱ्हाईक बंपर खोलून बघणार नाही हे सगळ्यांना माहीत असतं.

ट्रॅफिकमधला २६ का, ते इथे कळलं, पण मूळ दोष अजून बाकी होता, कारण गरमी आकडा वर नेते आणि आपला तर खाली होता. सेन्सरचा कपलर काढून आधी सेन्सरच मोजला. २८ डिग्रीला ८.८ किलोओहम. हा नेहमीचा २५ डिग्रीला १० किलोओहमवाला थर्मिस्टर, त्याच्या हिशोबाने एकदम बरोबर. मुठीत धरला की आकडा उतरायला लागतो, सोडला की परत चढतो, कुठे अडखळत नाही. नवीन सेन्सर चांगला होता. आतेभावाने जुना काढलेला डिकीत ठेवला होता, तोही मोजला, तोही चांगला.

मग बॅटरी परत जोडून, इग्निशन ऑन करून हार्नेसकडच्या, म्हणजे गाडीच्या वायरींच्या जुडग्याकडच्या, कपलरच्या दोन पिनांत मल्टीमीटर लावला. ५ व्होल्ट. इथेच मागचा इलेक्ट्रिशियन थांबला होता आणि इथेच बरेच जण थांबतात, म्हणून हे नीट लक्षात घ्या. मल्टीमीटर स्वतः करंट जवळजवळ ओढतच नाही, त्याच्या आतला रेझिस्टन्स साधारण १० मेगाओहम असतो. वाटेत पाच-दहा किलोओहमचा गंज बसलेला असला तरी करंटच वाहत नसल्यामुळे तिथे व्होल्ट पडत नाहीत आणि मल्टीमीटरला पूर्ण ५ दिसतात. टाकीखालचा कॉक गंजून अर्धा बंद झालेला असतो तेव्हा नळ बंद ठेवून प्रेशर मोजलं तर पूर्ण येतं, नळ सोडला की धार बारीक, तसंच आहे हे. वायर चांगली आहे का ते तिच्यातून करंट वाहायला लावल्याशिवाय कळत नाही.

त्यासाठी उपाय एकदम स्वस्त आहे. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारा १० किलोओहमचा साधा रेझिस्टर, तपकिरी-काळा-नारिंगी पट्ट्यांचा, सेन्सरच्या जागी हार्नेसच्या कपलरमध्ये दोन्ही पिनांना लावायचा. पिना पसरट होतील असा जाड पाय घुसवायचा नाही. मग इग्निशन ऑन करून स्कॅनरवर बघायचं. हा रेझिस्टर मॉड्यूलला २५ डिग्रीचा सेन्सर वाटायला हवा. तो गरमीने किंवा वाऱ्याने बदलत नाही, त्यामुळे हा खात्रीचा साक्षीदार. २५ आले तर वायरिंग आणि मॉड्यूल दोन्ही चांगले, दोष सेन्सरचा. आमच्याकडे आले १५.

१५ डिग्री म्हणजे या जातीच्या थर्मिस्टरला साधारण १६ किलोओहम. आपण लावलाय १०. मधले ६ कुठून आले? आणि सकाळचा हिशोब बघा, सेन्सर ८.८, त्यात हे ६ मिळवले की १४.८, आणि १४.८ किलोओहम म्हणजे बरोबर १६-१७ डिग्री. दोन्ही बाजूंनी एकच उत्तर येतंय म्हटल्यावर मला तरी शंका उरली नाही, कपलर आणि मॉड्यूलच्या मध्ये कुठेतरी ६ किलोओहम बसलाय.

याच ६ किलोओहमबद्दल अजून एक गोष्ट आहे जी आपल्याकडच्या लोकांनी ध्यानात ठेवावी. थर्मिस्टरचा रेझिस्टन्स गरमीत कमी आणि थंडीत खूप जास्त असतो. त्यामुळे तेवढाच गंज वेगवेगळ्या हवेत वेगवेगळी चूक दाखवतो. खरं तापमान उणे १० असेल तिथे थर्मिस्टर ५८ किलोओहमच्या आसपास असतो, त्यात ६ मिळवले तर आकडा जेमतेम दोन डिग्री चुकतो, कुणाच्या लक्षातही येणार नाही. ५ डिग्रीला चार डिग्रीची चूक. आणि मे महिन्यात गोव्यात ३५ असेल तर थर्मिस्टर फक्त साडेसहा किलोओहम, त्यात ६ मिळवले की गाडीला वाटतं बाहेर २० आहे, १५ डिग्रीची चूक. म्हणजे बर्फाच्या देशात जो जोड कुणाला त्रास देणार नाही तोच आपल्याकडे एसीचं गणित बिघडवतो. वर आपल्याकडे वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस आणि किनाऱ्याची खारी हवा, तांब्याला गंजायला अजून काय पाहिजे.

आता ट्रॅफिकमधल्या २६ चं गणितही पूर्ण होतं. उभ्या गाडीत कंडेन्सरला टेकलेला सेन्सर ५० डिग्रीपर्यंत तापला तर तो साडेतीन किलोओहमच्या आसपास येतो, त्यात गंजाचे ६ मिळवले की साडेनऊ, म्हणजे २६. दोन दोष, एक वर ओढणारा एक खाली ओढणारा, आणि ट्रॅफिकमध्ये दोघांची बेरीज अशी काही जुळायची की आकडा खरा वाटायचा. म्हणून कोणत्याही गॅरेजमध्ये गाडी उभी करून बघितली की "आता तर बरोबर दाखवतोय" असं उत्तर मिळायचं. अशा वेळी कुणी फक्त गंज काढला असता तर आकडा ट्रॅफिकमध्ये ४५-५० च्या दिशेने सरकला असता, आणि फक्त सेन्सर जागेवर लावला असता तर ट्रॅफिकमध्येही १७ दिसले असते. एक दुरुस्त करून गाडी आधीपेक्षा बिघडल्यासारखी वाटली असती.

जोड शोधायला वेळ लागला नाही. कपलरपासून मागे हात फिरवत गेलो, डाव्या फॉग लॅम्पच्या मागे हार्नेसची काळी नालीदार पाईप एका जागी फुगलेली लागली. तिच्यावर इन्सुलेशन टेप, टेपचा गोंद वितळून चिकट झालेला, आणि टेप सोडल्या सोडल्या आतून पाण्याचे थेंब टपकले. आत दोन्ही वायरींना नुसता पीळ मारून टेप गुंडाळलेली, सोल्डर नाही, स्लीव्ह नाही. एका वायरीचा जोड अजून तांब्यासारखा दिसत होता, दुसऱ्यावर हिरवी-पांढरी भुकटी, नखाने खरवडली तर वायरीच्या तारा तिच्याबरोबर तुटून येत होत्या. जोडाच्या दोन बाजूंना मल्टीमीटर लावून ओहम बघितले तर ५-६ किलोओहम, आणि वायर बोटाने जरा वाकवली की १७, २०, मध्येच पूर्ण ओपन, परत ६. हीच ती पुलावरची ४ डिग्री. पाऊस पडत असताना बाहेर २५ असतील, म्हणजे सेन्सर १० किलोओहम, आणि खड्ड्यात आदळून जोड १७ वर गेला की बेरीज २७, म्हणजे ४ डिग्री. एसीच्या मॉड्यूलला वाटलं बाहेर इतकी थंडी आहे की कॉम्प्रेसर चालवणं धोक्याचं, त्याने तो बंद केला. त्याने त्याचं काम इमानदारीत केलं.

दुरुस्तीत एक गोष्ट महत्त्वाची, गंजलेला जोड कापून तिथेच नवीन जोड द्यायचा नाही. पाणी वायरीच्या प्लास्टिकच्या आतून तारांमधल्या फटींतून पुढे चढत जातं, आणि बाहेरून वायर नवी कोरी दिसते. मी थोडं थोडं कापत गेलो, वीतभर मागे गेल्यावर काळं तांबं संपून चकाकणारं लागलं. तिथून दोन्ही वायरींचा नवा तुकडा आणि नवा कपलर, जोड सोल्डर करून त्यावर आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह, गरम केल्यावर दोन्ही टोकांतून गोंद बाहेर डोकावला पाहिजे, तेव्हाच पाणी अडतं. साधी स्लीव्ह गोव्याच्या पावसाला पुरत नाही आणि इन्सुलेशन टेप तर अजिबात नाही, ती ओल आत धरून ठेवते. दोन्ही जोड एकमेकांसमोर न ठेवता पुढे-मागे घेतले, आणि कपलरच्या आधी वायरीला खाली एक झोळ ठेवला म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी कपलरमध्ये न जाता झोळावरून खाली पडतं. दुसरी वायर अजून चालत होती तरी तीही बदलली, तिचं आज ना उद्या तेच होणार होतं. क्लिप आणि बाजूची पट्टी कंपनीच्या पार्ट काउंटरवर मागवली, किरकोळ किमतीच्या वस्तू, यायला मात्र वेळ लागला. क्लिप येईपर्यंत बंपर परत लावायला मी तयार नव्हतो, आतेभाऊ स्कूटरवर रेनकोट घालून वेर्ण्याला गेला बिचारा, पण चवथीला सगळ्यांना घेऊन सत्तरीतल्या मूळ घरी जायचं होतं आणि त्याच्या आत गाडी पूर्ण करून द्यायची होती.

सगळं बसवल्यावर परत त्याच चाचण्या. १० किलोओहम लावून स्कॅनरवर २५. सेन्सर लावून, रात्रभर उभ्या गाडीत, कूलंट २७, आत जाणारी हवा २७, बाहेरचं २६.५. पावसाची वाट बघावी लागली नाही, तो होताच, तरी बंपरच्या आत पाण्याचा पाईप सोडून हार्नेस हलवून बघितला, आकडा जागचा हलला नाही. पर्वरीच्या ट्रॅफिकमध्ये एसी लावून रखडल्यावर तीनेक डिग्री वर जातो आणि पुढे रस्ता मोकळा मिळाला की परत येतो, एवढं चालायचंच, कुठल्याही गाडीत होतं.

एसीत ऑटोवर फरक लगेच कळला. आधी बाहेर १७ आहेत असं समजून मॉड्यूल गार हवेत गरम हवा मिसळत होतं आणि ब्लोअर कमी करत होतं. आतल्या तापमानाचा सेन्सर आणि डॅशबोर्डवरचा उन्हाचा सेन्सर वेगळं सांगत होते, पण बाहेरच्या आकड्याचा वजनदार हिस्सा असतो. आता २४ वर ठेवलं की २४ राहतं आणि पावसात काच स्वच्छ राहते. वहिनी त्या पुलावरच्या दिवसापासून पावसात गाडी घ्यायलाच घाबरत होत्या, आता त्या स्वतः चालवत कामाला जातात.

एक गोष्ट मात्र उरली होती. उन्हाळ्यात त्या गॅरेजने जो गॅस भरला तो गरज नसताना भरला होता, लीक कुठेच नव्हता, म्हणजे सिस्टीममध्ये गॅस जास्त झालेला. जास्त गॅसने हाय साईडचं प्रेशर वाढतं, कॉम्प्रेसरवर ताण येतो आणि गारवा उलट कमी होतो. म्हणून मशीन असलेल्या ठिकाणी सगळा गॅस काढून घेतला, व्हॅक्यूम केला आणि बॉनेटच्या खाली स्टिकरवर जेवढे ग्रॅम लिहिलेत तेवढाच वजनाने भरून घेतला. काढलेल्या गॅसचं वजन स्टिकरपेक्षा जास्तच निघालं. तो जुना, चांगला असलेला सेन्सर पिशवीत घालून डिकीत स्पेअर म्हणून ठेवलाय.